हातावरचा दुपट्टा

ज्योतीवहिनीला हातांकडे न पाहता हातांचं काम करता यायचं. ऐकायला ही काही फार मोठी विद्या वाटत नाही. पण माझ्या तरुणपणातलं एक अख्खं वर्ष मी या एका गोष्टीवरून जळत होते, आणि ते वर्ष आठवलं की अजूनही जिभेवर मिरचीचा कण राहिल्यासारखं होतं. लोक आपल्या आठवणींत पहिलं प्रेम लिहितात, पहिली नोकरी लिहितात. मला पहिला हेवाच जास्त नीट आठवतो. प्रेमाचं बरंचसं विसरायला झालंय.

पुसदला बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मध्ये जाड निळा पडदा आणि पडद्यामागे आम्ही, म्हणजे बाबा, आई, माझा मोठा भाऊ मिलिंद आणि मी. सकाळी विहाराच्या भोंग्यावरून वंदना सुरू झाली की आई उठायची, आणि वंदना संपता संपता परातीत तिची पहिली भाकरी थापल्याचा आवाज यायचा. स्वयंपाकघर आणि फोटो धुवायची अंधारी खोली यांच्यात एकच भिंत होती. त्यामुळे माझ्या लहानपणी घरात फोडणीचा आणि फोटोच्या औषधांचा वास एकत्रच राहायचा. पाहुण्यांना त्याने मळमळायचं. मला मात्र दुसऱ्यांच्या घरचं वरण अळणी लागायचं. भिंतीवर बुद्ध, शेजारी बाबासाहेब आणि खाली आजोबांचा मोठा केलेला फोटो. त्या फोटोतला कोट बाबांनी ब्रशने रंगवलेला होता. आजोबांनी जन्मात कोट घातला नव्हता, पण कोटाच्या बाह्यांवरच्या सुरकुत्यासुद्धा बाबांनी सोडल्या नव्हत्या, इतकं ते काम नेटकं होतं.

बाबा फिनिशिंगचे कारागीर. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे वण भरायचे, आणि कागदावर छापलेल्या फोटोवर पांढरे ठिपके राहिले असतील तर ते बारीक ब्रशने, करड्या-काळ्या रंगाने बुजवायचे. ब्रशला टोक यावं म्हणून तो जिभेवर फिरवावा लागतो. मी शाळेत असतानाच त्यांच्या शेजारी बसून हे शिकले. ब्रश आधी खालच्या ओठाला टेकवायचा आणि मग जिभेवर फिरवायचा, ही सवय मला लागली ती लागलीच, आणि ओठाच्या मधोमध एक काळसर डाग कायमचा बसला. आई खोबरेल लावून तो घासायची. बाबा म्हणायचे, "राहू दे ना. कारागिराची खूण होय ते." इतर मुली कानातल्यांवर मिरवायच्या, तशी मी त्या डागावर मिरवायचे.

बाबांचे दोन नियम होते. आपल्या फोटोला आपण हात लावायचा नाही, कारण आपला चेहरा कसा आहे हे आपल्याला ठाऊकच नसतं, तो कसा असावा एवढंच ठाऊक असतं. दुसरा नियम लग्नाच्या मुलींचा. स्थळाला पाठवायचा फोटो काढायला आलेली प्रत्येक आई बाबांच्या कानाशी लागून म्हणायची, "भाऊ, जरासा उजळ करून द्या." बाबा करून द्यायचे, पण बेतानं. "पाहाले येणाऱ्यानं फोटोवरून पोरगी ओळखली पाह्यजे," ते मला सांगायचे, "नाई तं तिच्या घरी जाऊन तिची फजिती आपणच केली असं होते." हे दोन्ही नियम पुढे वहिनीनेही त्यांच्याच तोंडून ऐकले, हे इथेच सांगून ठेवते.

पुढे कॉम्प्युटर आला आणि अंधारी खोली अडगळीची झाली. कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर मी बसले, कारण मिलिंद व्हिडिओ शूटिंगसाठी गावोगाव हिंडायचा आणि बाबांच्या डोळ्यांतून स्क्रीनकडे पाहिलं की पाणी यायचं. काम मला भराभर आलं. माऊस तेवढा शेवटपर्यंत आवडला नाही. माऊसने कोणाची भुवई नीट करायची म्हणजे वरवंट्याने रांगोळी काढायची. हलकं दाबा की जोरात, रेघ आपली तेवढीच जाड. तरी ती खुर्ची माझी होती, आणि खरं सांगायचं तर तिच्या जोरावरच मी त्या घरात होते. माझ्या बरोबरीच्या एकेक करून सासरी गेल्या. मावशी दर उन्हाळ्यात यायची आणि माझ्यादेखत बाबांना विचारायची, "भाटवे, सुनंदाचं काय?" बाबा म्हणायचे, "पोरगी गेली तं स्टुडिओ कोण पाह्यन?" लग्नच नको होतं असं नाही. त्या खुर्चीवरून उठायचं नव्हतं.

ती कापसाची वाईट सालं होती. आमची शेती नव्हती, पण यवतमाळ जिल्ह्यात कापसाचं बिनसलं आणि आपलं तेवढं बरं चाललं, असं कोणाचंच होत नाही. भाव पडला, विकलेल्या मालाचे चुकारे अडकले, की लग्नं पुढच्या वर्षावर जायची, आणि लग्नं गेली की आमचे आल्बम गेले. थंडीत जिनिंगचा भोंगा ठरल्या वेळी व्हायचा आणि आई त्यावर तुरीचं वरण चढवायची. त्या साली तो कित्येक दिवस झालाच नाही. आईचं वरण कधी लवकर, कधी उशिरा, आणि बाबांची चिडचिड मात्र वेळेवर. शेवटी बाबांनी ठरवलं की गिऱ्हाईक येत नाही तर दुसऱ्या फोटोवाल्यांचं काम आणायचं. दिग्रस, दारव्हा, उमरखेडच्या स्टुडिओंचे आल्बम आपण सजवून द्यायचे. त्याला वेग हवा होता. यवतमाळच्या ज्या लॅबमध्ये आम्ही पानं छापायला द्यायचो, तिथल्या ऑपरेटरपाशी मी पेन टॅबलेट पाहिला होता. काळी, सपाट पाटीसारखी वस्तू, तिच्यावर पेन फिरवलं की रेघ समोर स्क्रीनवर उमटते, आणि जोर देऊ तशी जाड-बारीक होते. पुन्हा ब्रश हातात येणार होता. मी किती महिने बाबांच्या मागे लागले होते, ते आई सांगू शकली असती.

त्याच साली मिलिंदचं लग्न झालं. वहिनी बोरी अरबची. तिच्या वडिलांचा कापूस अजून घरातच पडून होता, म्हणून लग्न विहारात, थोडक्या माणसांत. माझ्यापेक्षा वर्षाने लहान, गोल चेहऱ्याची, आणि आवाज असा की पडद्यामागे हसली तर पुढे फोटोला बसलेलं गिऱ्हाईक हलायचं. मला वाटलं, बाबा रागावतील. बाबा हसले! माझ्या गोळाभातावर वर्षानुवर्षं "बरा हाय" एवढंच म्हणणारा माणूस तिच्या गोळाभातावर तिसऱ्यांदा तेल घालून घेऊ लागला. दुपारी ती तुरीच्या शेंगा सोलायला बसायची. डोळे टीव्हीवरच्या मालिकेत, तोंड मालिकेतल्या सासूला शिव्या देण्यात, आणि हात आपले चालूच. शेंग मोडल्याचा टक आवाज, दाणे टोपल्यात, टरफल बाजूला. दाणा किडका निघाला तर तोही न पाहता टरफलांत. मी एकदा मुद्दाम टोपलं चाळून पाहिलं. एक किडका दाणा सापडला असता तर मला किती बरं वाटलं असतं!

टॅबलेट आणायला बाबा आणि मी नागपूरला जाणार होतो. आदल्या दिवशी वहिनी बाबांना म्हणाली, "मामाजी, मीबी येऊ का? मी नागपूर पाह्यलंच नाई." आणि बाबा म्हणाले, "चाल." एवढं सोपं! मला तर पेनचं नाव काढायला महिने लागले होते.

सीताबर्डीच्या एका गल्लीत कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकानदाराने तीन वस्तू मांडल्या. पहिलीच्या पेनात सेल घालावा लागायचा. बाबांनी पेन तळहातावर तोललं आणि म्हणाले, "हे जड हाय. आन् सेल ऐन कामात संपते." ती बाजूला गेली. उरल्या दोन, एक वहीच्या पानाएवढी लहान आणि एक चांगली ऐसपैस. लॅबमधल्या ऑपरेटरपाशी मोठी होती, म्हणून माझं मन मोठीवर. दुकानदाराने ती जोडून दिली. स्क्रीनवर कुठल्याशा परदेशी बाईचा फोटो होता. मी पेन टेकवलं, हलकेच ओढलं, आणि रेघ केसाएवढी निघाली. दाबलं तर ती भरून आली. इतक्या वर्षांनी कॉम्प्युटरला माझ्या हाताचा जोर कळत होता. मला तिथेच रडू येईल असं वाटलं. पण रेघ होती ती त्या बाईच्या कपाळावर, आणि मला काढायची होती पापणी. मी पुन्हा हाताकडे पाहिलं, पेन नीट धरलं, मान वर केली, तर पेन गालावर. हात खाली, चित्र वर. जन्मभर माझा डोळा ब्रशच्या टोकाला बांधलेला, तो सुटेचना. आणि या गडबडीत मी सवयीने पेनचं टोक ओठाला टेकवून जिभेवर फिरवलं.

"मॅडम, इसको चाटना नहीं पडता," दुकानदार म्हणाला.

वहिनी जी हसायला लागली, ती पदर तोंडात कोंबूनही थांबेना. मी उठले. बाबा म्हणाले, "ज्योती, तू पाह्य बरं." त्यांनी गमतीने म्हटलं होतं, हे मला आज कळतं. दुकानदाराने आता लहान पाटी जोडली होती, ती तिच्याशी बसली. तिने एकदा बोटांनी पाटीच्या कडा चाचपल्या, पेन धरलं आणि खाली पाहिलंच नाही. त्या परदेशी बाईच्या नाकपुडीवर, जिथे आमच्याकडे फुली टोचतात नेमक्या तिथे, तिने एक चमकदार ठिपका ठेवला. त्याच्या भोवती बारीकसं कोंदण काढलं. ती बाई क्षणात आमच्या गल्लीतली वाटायला लागली.

"काहून जमलं गं तुले?" बाबांनी विचारलं.

"हाताकडे पाहून कापूस वेचाले बसली तं सांज होईन ना मामाजी," ती म्हणाली. "हात या झाडावर, डोये पुढच्या झाडावर. लहानपणापासून तसंच हाय."

मी घाईने म्हटलं, "बाबा, मोठाच घेऊ. लहान्यावर हात आखडते." आखडत वगैरे काही नव्हता. तिला जिच्यावर जमलं ती पाटी मला घरात नको होती.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "मामाजी, लहानाच घ्या. ताईचा हात ब्रशचा हाय, तो बोटाबोटानंच चालते. मोठ्यावर खांद्यापासून हात फिरवा लागन त्यायले." आणि हे खरं होतं. मनगट टेकवून, नुसत्या बोटांनीच मी काम करायचे. चार-सहा महिन्यांपूर्वी घरात आलेल्या मुलीने ते कधी पाहून ठेवलं होतं कोण जाणे. ती माझ्या बाजूने बोलत होती, आणि माझा मात्र जळून कोळसा होत होता. बाबांनी लहान पाटी घेतली. येताना मी खिडकीशी बसले, मला एसटी लागते म्हणून, आणि खोकं वहिनीच्या मांडीवर. पुसद येईपर्यंत मी त्या खोक्याकडे पाहिलं नाही, आणि पाहिल्याशिवायही राहिले नाही.

घरी आल्यावर माझी जी फजिती सुरू झाली तिला तोड नव्हती. पेन घेतलं की मान आपोआप खाली. मी माऊसने भराभर करत असलेलं काम पेनने दुप्पट वेळ घ्यायचं. त्यात लोडशेडिंग. दिवे जायचे, यूपीएस टीं टीं करत राहायचा आणि माझं मनगट घामाने पाटीला चिकटायचं. एक दिवस वहिनी मागून आली आणि तिने माझ्या हातावर, पेन आणि पाटीसकट, एक कापड टाकलं. माहेराहून आणलेला तिचा जुना दुपट्टा होता तो, वेचणीच्या वेळी उन्हासाठी डोक्याला बांधायचा, धुऊन धुऊन मऊ झालेला. "आता पाह्या समोर," ती म्हणाली. "हात दिसलाच नाई तं पाहान कायले?"

मी दुपट्टा झटकून टाकला. "मले लहान लेकरासारखं शिकवू नको," म्हटलं. तिने तो उचलला, घडी केली आणि खांद्यावर टाकून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती स्वयंपाकघरात जाऊन गाणं म्हणायला लागली.

मग हळूहळू जे व्हायचं ते झालं. मी जेवायला उठले की ती खुर्चीवर बसायची. केसांच्या बटा मागच्या पडद्यापासून सोडवायच्या, हे सगळ्यात किचकट काम. ते ती शेंगा सोलल्यासारखं करायची, तोंडाने आईशी बोलत. उमरखेडचा फोटोवाला दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "मागच्या बारीनं ज्यानं केलं त्याच्याच हातून करून द्या." आणि बाबा, जे आतून "सुनू, हे पाह्य बरं" अशी हाक मारायचे, ते आता "ज्योती, सुनू, पाह्या बरं" म्हणू लागले. नावांचा क्रम बदलला होता. घरात आणखी कोणाच्या ते कानावरही आलं नाही. मला त्या हाकेने ताटावरून उठावंसं वाटायचं. आज माझी मान धरते, चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतो, कानाला बरंच काही ऐकू येत नाही. पण "ज्योती, सुनू" यातला तो क्रम अजून स्वच्छ ऐकू येतो.

उन्हाळ्यात मावशी आली. तिने आल्या आल्या खुर्चीवर वहिनीला पाहिलं आणि पर्समधून स्थळच काढलं. "आता सून तयार झाली भाटवे. पोरीले कायले थांबवून ठेवता?" मुलगा वणीकडचा, राजूरचा, कोळशाच्या खाणीत कायम नोकरीला. त्या सालांत दर महिन्याला पगार येणारा जावई म्हणजे काय, हे ज्याच्या घरात कापूस पडून असेल त्याला विचारा. आईचे डोळे भरून आले. बाबांचं 'स्टुडिओ कोण पाह्यन' आता चालणार नव्हतं. मावशी पुढे म्हणाली, "लय चांगली माणसं हायेत. पोराची माय म्हणे, आमच्या घरी सुनेले कामबिम करा लागत नाई, आरामानं राह्यन." हे कौतुक होतं. मी मात्र मनात त्या घराच्या भिंती पाहिल्या, कुठेही पेन नसलेल्या.

मी कोणालाच नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला कारण लागतं, आणि माझं कारण दुसरीच कोणी तरी चालवत बसली होती. दुपारी वहिनी तुरीची डाळ निवडत होती. मालिका चालू होती. तिने टीव्हीवरून नजर न काढता हळूच विचारलं, "ताई, तुमाले जाचं हाय का राजूरले?"

"तुले तं खुर्चीच पाह्यजे ना," मी म्हटलं. "मंग कायले इचारतं?"

तिचे हात थांबले. तिने मान खाली घातली आणि आपल्या हातांकडे पाहिलं. तिला हातांकडे पाहताना मी पहिल्यांदाच बघत होते. मग ती पुन्हा डाळ निवडायला लागली, पण त्या दिवशी मालिकेतल्या सासूला तिने एकही शिवी दिली नाही.

स्थळाला पाठवायचा माझा फोटो बाबांनी काढला, निळ्या पडद्यासमोर, हात मांडीवर. दुसऱ्या दिवशी त्यांना लॅबच्या कामाने यवतमाळला जायचं होतं. जाताना म्हणाले, "सुनूच्या फोटोले ज्योती हात लावन." नियमच होता, मला तर बसता येणार नव्हतं. मी पडद्याच्या फटीतून पाहत उभी राहिले. आदल्याच दिवशी तिने दिग्रसच्या एका मुलीचा असाच फोटो केला होता, आणि तो इतका बेताचा, इतका खरा उतरला होता की मला जेवण गेलं नव्हतं. माझ्या फोटोवर ती बसली ती उठेचना. रंग उजळला. मला वाटलं, झालं. तिने आणखी उजळला. नाक थोडं निमुळतं केलं, डोळे थोडे मोठे. आणि मग पेन माझ्या खालच्या ओठावर नेलं आणि तो काळा डाग पुसून टाकला. ओठ गुलाबी करून ठेवला, साखरेच्या गाठीसारखा. मला वाटलं, हिला घर झाडून घ्यायचंय. माझी खूणसुद्धा हिला इथे नको. दुकानातल्याच छोट्या प्रिंटरवर छापून निघालेला फोटो मावशीने हातात घेतला आणि ओरडली, "ओ माय, हिरोइनच दिसून राह्यली पोरगी!" बाबा परत यायच्या आत तो तिच्या पर्समध्ये घालून ती राजूरच्या वाटेला लागलीसुद्धा.

राजूरहून होकार लगेच आला. पाहुणे येणार ठरलं. आईने पोहे केले, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि ओलं खोबरं. वहिनीने मला माझीच मोरपंखी साडी नेसवली आणि जाताना म्हणाली, "पावडर नका लावू ताई, घामानं बसत नाई." मी तिच्याशी बोलत नव्हते. बाहेर जयभीम झाले, खुर्च्या सरकल्या. मुलगा, त्याची आई आणि एक आत्या. मी चहा घेऊन गेले. आत्याने कप घेतला, माझ्याकडे पाहून छान हसली, एक घोट घेतला, आणि आईला म्हणाली, "हे लहानी काय? मोठी कुठी हाय?"

कोणालाच काही समजेना. बाबा म्हणाले, "एकच पोरगी हाय मले."

आत्याने पर्समधून फोटो काढला. फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तो मुलाच्या आईकडे दिला. तिनेही तसंच केलं. मग फोटो बाबांच्या हातात आला. तो त्यांनी त्या क्षणी पहिल्यांदा पाहिला. मी आजवर माझ्या बाबांचा चेहरा इतका पडलेला पाहिला नाही. पंचक्रोशीत ज्याच्या फोटोवरून मुलगी ओळखू येते म्हणून लोक सांगायचे, त्याच्याच बैठकीत त्याचीच मुलगी ओळखू आली नव्हती. "ओठाले काय लागलं तुह्या?" आत्याने विचारलं. "रंग," मी म्हटलं. "ब्रशचा." पाहुण्यांनी पोहे संपवले, माणसं खरंच चांगली होती, आणि "कळवतो" म्हणून गेली. त्यांनी काही कळवलं नाही, आणि बाबांनीही माणूस पाठवला नाही.

पाहुणे गल्लीच्या टोकाला पोचले नसतील, तेव्हा बाबांनी वहिनीला बोलावलं. तिच्याशी त्या आवाजात ते कधी बोलले नव्हते. "येवढं उजळ करते का? सांगतलं होतं ना मी तुले, पाहाले येणाऱ्यानं ओळखलं पाह्यजे म्हणून?"

वहिनी डोक्यावर पदर घेऊन उभी होती. "चुकलं मामाजी," ती म्हणाली. "माहा हात बसला नव्हता अजून."

आई म्हणाली, "जाऊ द्या, नवीन हाय पोरगी." मिलिंद म्हणाला, कॉम्प्युटरवर रंग वेगळा दिसतो आणि कागदावर वेगळा. बाबांनी मान हलवली. शेवटी म्हणाले, "आजपासून चेहऱ्याचं काम सुनूकडे. तू काउंटर पाह्य." त्या घरात सगळ्यांना ते पटलं. मला सोडून. कारण त्या हाताकडे वर्षभर माझ्याइतकं कोणीच पाहिलं नव्हतं. जळणाऱ्या माणसाची नजर फार बारीक असते. दिग्रसच्या मुलीच्या गालावरचा तीळसुद्धा न हलवणारा तो हात. किडका दाणा न पाहता टाकणारा तो हात. तो नागपूरच्या दुकानात, त्या फुलीच्या ठिपक्यापाशीच बसलेला होता. तिने चूक केली नव्हती. बाबांचा नियम तिला पाठ होता, आणि तो नेमका कुठे मोडला की पाहुणे परत जातील, हेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीवर बसले. पेन उचललं, आणि मान आपली खाली गेली. वहिनी काउंटर पुसत होती. मी म्हटलं, "वहिनी, तुझा तो दुपट्टा दे."

तिने तो आणला आणि माझ्या हातावर टाकला. कापड मऊ होतं, त्याला उन्हाचा आणि सरकीचा वास होता. मी समोर पाहिलं. पेन एकदा भटकलं, दोनदा भटकलं, आणि मग पापणीच्या कडेला येऊन टेकलं, अगदी जिथे मला हवं होतं तिथे. मी वळून न पाहता विचारलं, "कालपर्यंत बसलेला हात एकदम उठला कसा गं तुझा?"

"समोर पाह्या ताई," ती म्हणाली. "रेघ भटकून राह्यली तुमची."

माझं लग्न पुढे झालं, पुसदमध्येच, आणि ती खुर्ची मी सोडली नाही. टॅबलेट किती आले आणि किती गेले. दुपट्टा अजून ड्रॉवरमध्ये आहे. वहिनीला मी त्यानंतर कधी ते विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं की आता तरी माझा हेवा जाईल. तो काही गेला नाही. आधी नुसता तिच्या हाताचा वाटायचा. खुर्ची तिला जिंकून घेता आली असती आणि तिने ती पुसून मला बसायला दिली, हे कळल्यावर तिच्या मनाचाही वाटायला लागला, आणि तो अजून वाटतो.